तरुणांचे पुढारीपण व आपले कर्तव्य

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत प्रमुख धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सवाच्या दिवसांत मागे वळून पाहण्याची रीत आहे आणि ती योग्यच आहे. ज्यांनी ह्या मंदिराच्या भिंती उभारल्या, ज्यांनी घरोघर हिंडून वर्गणी जमविली, ज्यांनी पावसाळ्यापूर्वी गळके छप्पर शाकारले, त्यांचे ऋण आठवावयाचे हे दिवस होत. त्यांच्याविषयी आमच्या आधीच्या वक्त्यांनी पुष्कळ सांगितले आहे. महोत्सव समितीने आमच्याकडे सोपविलेला विषय मात्र पुढे पाहावयास लावणारा आहे. तेरा ते एकोणीस वर्षांच्या आपल्या मुलामुलींच्या ठायी पुढारीपणाचे गुण कसे वाढीस लागतील, आणि त्यासाठी धर्मग्रामाने तरुणांचे कार्यक्रम कोणत्या प्रकारे चालवावे, हा तो विषय होय. तो केवळ तरुणांचा आहे असे कोणी समजू नये. आज आपण ज्यांच्या नावाने दीप उजळीत आहोत ते पूर्वज जसे आपणांस लाभले, तसे पूर्वज पुढच्या महोत्सवाला लाभतील की नाही, ह्या प्रश्नाचे उत्तर आज पंधरा वर्षांच्या असलेल्या मुलामुलींच्या हाती आहे.

प्रथम 'पुढारी' ह्या शब्दाविषयीचा एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुढारी म्हटला की व्यासपीठावर बसणारा, गळ्यात हार घालून घेणारा, ध्वनिक्षेपक हाती आला की सहजासहजी न सोडणारा असा मनुष्य आपल्या डोळ्यांपुढे येतो. तसे पुढारी घडविण्यासाठी धर्मग्रामाने काही खटपट करण्याची गरज नाही. ते आपोआप उगवतात. आम्हांस अभिप्रेत असलेले पुढारीपण निराळे आहे. कोणी न सांगता दुसऱ्याची गरज ज्याच्या ध्यानी येते, ती भागविण्यासाठी जो चार सोबती गोळा करतो, अंगावर घेतलेले काम कंटाळा आला तरी जो शेवटास नेतो आणि शेवटी त्याचा चोख हिशेब देतो, तो पुढारी. ध्यान, संघटन, चिकाटी आणि हिशेब हे ते चार गुण. ह्यांपैकी एकही गुण व्याख्यान ऐकून येत नाही. पोहणे जसे पाण्यात उतरूनच येते, तसे हे गुण जबाबदारी उचलल्यानेच येतात.

आता आपल्या धर्मग्रामांतून काय चालते ते पाहू. मूल लहान असते तेव्हा आपण त्याची फार काळजी वाहतो. धर्मशिक्षणाचे वर्ग, प्रथम ख्रिस्तप्रसाद, वेदीसेवकांचे मंडळ हे सर्व व्यवस्थित चालते. मग दृढीकरणाचा संस्कार होतो. ज्या संस्काराने मनुष्याने आपल्या श्रद्धेची जबाबदारी स्वतःच्या खांद्यावर घ्यावयाची, त्या संस्कारानंतरच आपली पुष्कळ मुले मिस्साच्या वेळी मंदिराच्या बाहेर उभी राहू लागतात. आपण त्यांना दोष देतो. परंतु दृढीकरणानंतर आपण त्यांच्याकडे कोणती जबाबदारी दिली, असे कोणी विचारल्यास उत्तर काय? सणाच्या दिवशी खुर्च्या मांडणे, पताका लावणे, नाताळात गोठा उभारणे, खेळांच्या सामन्यांत धावपळ करणे. ही कामे हलकी आहेत असे आमचे म्हणणे नाही. परंतु ती काय असावी, केव्हा व्हावी, त्यांस किती खर्च यावा, हे सर्व वडीलधाऱ्यांनी आधीच ठरविलेले असते. आपण मुलांचे हात मागतो. त्यांची बुद्धी मागत नाही. आणि ज्या घरात आपले मत कोणी विचारीत नाही, त्या घराच्या उंबऱ्याबाहेर उभे राहणे कोणाही शहाण्या माणसास अधिक बरे वाटते.

ह्यावर उपाय नवा शोधावयास नको. तो प्रभू येशूनेच घालून दिला आहे. संत मार्काच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय आपण घरी जाऊन सावकाश वाचावा. प्रभूने बारा शिष्यांना जोडीजोडीने गावोगाव पाठविले. त्या वेळी त्यांचे शिक्षण पुरे झालेले नव्हते; पुढे किती तरी वेळा ते चुकले, भांडले, घाबरले. तरीही प्रभूने त्यांना पाठविले. बरोबर काय न्यावे व काय नेऊ नये एवढे सांगितले आणि जाऊ दिले. ते परतले तेव्हा त्यांनी केलेल्या कामाचा वृत्तांत प्रभूपुढे मांडला आणि प्रभूने त्यांना विश्रांतीसाठी एकांतात नेले. पाठविणे, वृत्तांत ऐकणे, विसावा देणे: तरुणांच्या शिक्षणाची सारी पद्धत ह्या तीन गोष्टींत आहे. ख्रिस्तसभेत जेव्हा जेव्हा कोणी ह्या पद्धतीने तरुणांशी वागले, तेव्हा तेव्हा आश्चर्यकारक फळ आले. त्याची दोन उदाहरणे आम्ही सांगणार आहो.

पहिले उदाहरण संत जॉन बॉस्को ह्यांचे. इटलीतील तुरीन शहरात 1841 साली त्यांनी रस्त्यावरच्या मुलांना गोळा करण्यास आरंभ केला, हे आपणांस ठाऊक आहे. तितकेसे ध्यानात न घेतलेले असे की, त्यांनी मुलांना केवळ आश्रय दिला नाही, काम दिले. 1854 साली त्या शहरात पटकीची साथ आली. लोक घरच्या रोग्यांजवळही जाण्यास भीत होते. अशा वेळी डॉन बॉस्कोंनी आपल्या मुलांपुढे प्रश्न ठेवला, आणि मुले स्वखुशीने पुढे आली. त्यांनी गट करून कामे वाटून घेतली व रोग्यांची शुश्रूषा केली. त्याच संस्थेत दोमिनिक सावियो नावाचा विद्यार्थी होता. 1856 साली, वयाच्या अवघ्या चौदाव्या वर्षी, त्याने आपल्या सोबत्यांना घेऊन निष्कलंक मातेच्या नावाने एक मंडळ स्थापन केले. नव्याने आलेल्या, एकट्या पडलेल्या किंवा वात्रट मुलांशी मैत्री करून त्यांना सांभाळणे हे त्या मंडळाचे एक मुख्य काम होते. पुढल्याच वर्षी दोमिनिक वारला. 1954 साली ख्रिस्तसभेने त्यास संत म्हणून जाहीर केले. परंतु मंडळ वारले नाही. 18 डिसेंबर 1859 रोजी सलेशियन संघाची स्थापना झाली तेव्हा डॉन बॉस्कोंभोवती जे तरुण बसले होते, त्यांतील बहुतेक ह्याच मंडळात तयार झालेले होते. आज जगभर पसरलेल्या त्या संघाचा पाया कुमारांच्या एका लहानशा मंडळात घातला गेला होता.

दुसरे उदाहरण बेल्जियम देशातील जोसेफ कार्डाईन ह्यांचे. त्यावर आम्ही थोडे अधिक बोलू, कारण त्यांनी हे काम दैवावर न सोडता त्याचे शास्त्र बनविले. कार्डाईन ह्यांचा जन्म 1882 साली एका कष्टकरी कुटुंबात झाला. त्यांच्या बरोबरीची मुले शाळा संपताच गिरण्यांत व कारखान्यांत गेली. कार्डाईन सेमिनरीत गेले. सुट्टीत घरी परतल्यावर जुन्या सोबत्यांना भेटावयास गेले, तो ते त्यांना परके मानू लागले होते. धर्मगुरू होऊ घातलेला म्हणजे मालकांच्या बाजूचा, अशी त्यांची समजूत झाली होती. तेरा-चौदाव्या वर्षी कारखान्यात गेलेली मुले थोड्याच काळात श्रद्धेला व सदाचाराला का मुकतात, हा प्रश्न त्या दिवसापासून कार्डाईन ह्यांच्या जिवास लागला. 1903 साली वडील मरणशय्येवर असताना, आपले आयुष्य कामकऱ्यांसाठी वेचीन, असा त्यांनी निश्चय केला. 1906 साली त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली आणि 1912 साली ब्रुसेल्सजवळील लाकेनच्या धर्मग्रामात त्यांची नेमणूक झाली.

तेथे त्यांनी मोठी सभा भरविली नाही. शिवणकामावर राबणाऱ्या मुली आणि काही तरुण कामगार ह्यांची लहान लहान मंडळे त्यांनी जमविली. मुलांना ते उपदेश करीत नसत, प्रश्न विचारीत. तू कितव्या वर्षी कामास लागलास? काम कोणी मिळवून दिले? पहिल्या दिवशी तुझ्याशी कोण बोलले? दुपारची भाकरी कोठे बसून खातोस? तुझ्या शेजारच्या यंत्रावर कोण असतो, आणि तो आजारी पडल्यास त्याच्या घरी कोण जाते? मुले उत्तरे शोधून आणीत. शोधता शोधता त्यांचे डोळे उघडत. ह्या मंडळांतून फेर्नां तोने, पॉल गार्से व जाक मेर्त हे तीन तरुण पुढे आले, आणि त्यांच्या साहाय्याने 1925 साली तरुण ख्रिस्ती कामगारांची चळवळ रीतसर स्थापन झाली. त्याच वर्षी पोप पायस अकरावे ह्यांनी कार्डाईन ह्यांना भेट देऊन तिला आशीर्वाद दिला. पुढे 1957 साली तिचा आंतरराष्ट्रीय मेळावा रोम येथे भरला तेव्हा सुमारे तीस हजार तरुण कामगार जमले होते. कार्डाईन ह्यांना 1965 साली कार्डिनल करण्यात आले व 1967 साली ते प्रभूच्या घरी गेले.

त्यांच्या पद्धतीचे तीन शब्द आहेत: पाहा, पारखा, करा. प्रथम वस्तुस्थिती नीट पाहावयाची, ऐकीव गोष्टींवर जावयाचे नाही. मग ती शुभवर्तमानाच्या कसोटीवर पारखावयाची: परमेश्वराने मनुष्यास जसे जगावयास निर्माण केले तसे हे आहे काय? आणि शेवटी आपल्या हातून होईल असे एक काम ठरवून करावयाचे. पुढच्या बैठकीचा आरंभ त्याच कामाच्या वृत्तांताने व्हावयाचा. पोप जॉन तेविसावे ह्यांनी 1961 च्या आपल्या विश्वपत्रात हीच तीन पावले सर्व ख्रिस्तसभेस सांगितली, आणि तरुणांनी ती वारंवार वापरून अंगवळणी पाडावी अशी इच्छा व्यक्त केली. 1965 साली व्हॅटिकन परिषदेने प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याविषयीच्या आदेशात, तरुणांमध्ये प्रेषिताचे काम प्रथम तरुणांनीच करावयाचे, हे तत्त्व मान्य केले. 2018 साली तरुणांविषयीची धर्मसभा भरली, आणि पोप फ्रान्सिस ह्यांनी 2019 साली तरुणांना उद्देशून लिहिलेल्या पत्रात तोच धागा पुढे नेला.

हे तीन शब्द आपल्या गावात कसे उतरतील? समजा, एका आळीतील आठ मुलामुलींचे एक मंडळ आहे. त्यांनी ठरविले की, आपल्या आळीत एकटी राहणारी वृद्ध माणसे किती, ते पाहावे. मुले मुंबईस वा आखाती देशांत, सुना-नातवंडे शहरात, आणि मागे बंद खिडक्यांच्या मोठ्या घरात एक आजी, अशी घरे आपल्या वसईकडे आता विरळ राहिली नाहीत. ही मुले दोघादोघांनी घरी जातील, वही काढून चौकशी करणार नाहीत, ओटीवर बसून गप्पा मारतील. एका आजीला रविवारच्या मिस्सास येण्यासाठी रिक्षेपर्यंत हात देणारे कोणी नाही. दुसऱ्या आजोबांचे निवृत्तिवेतन हयातीचा दाखला न दिल्यामुळे थांबले आहे. तिसऱ्या घरी सर्व काही आहे, परंतु आठ दिवसांत कोणी हाक मारलेली नाही. हे झाले पाहणे. मग मंडळ एकत्र बसेल, बेथझथाच्या तळ्याकाठी अडतीस वर्षे पडून राहिलेल्या व पाण्यात उतरविणारे माणूस नसलेल्या रोग्याची कथा वाचील, आणि आपल्या आळीत तसे कोण आहे, असे स्वतःस विचारील. हे झाले पारखणे. मग एक मुलगा बँकेत जाऊन दाखल्याची रीत समजून घेईल, दोघी मुली रविवारची पाळी लावतील. हे झाले करणे. काम लहान दिसते. परंतु ज्या मुलीने एका वृद्धाचे थांबलेले वेतन चालू करून दिले, ती उद्या कोणत्याही कचेरीच्या खिडकीपुढे मान खाली घालून उभी राहणार नाही. आणि ज्याच्यासाठी आपण झिजलो त्याचे सुख पाहिल्यावर सेवेची गोडी कोणास शिकवावी लागत नाही.

आता वडीलधाऱ्यांनी काय करावे, ते थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट, मंडळ लहान असू द्या. शंभर मुलांच्या मेळाव्यात चार बोलतात आणि शहाण्णव टाळ्या वाजवितात. 1907 साली इंग्लंडमधील ब्राउन्सी बेटावर बेडन-पॉवेल ह्यांनी बालवीरांची पहिली छावणी भरविली, तेव्हा सुमारे वीस मुलांच्या त्यांनी चार तुकड्या पाडल्या आणि प्रत्येक तुकडीवर तिच्यातीलच एक मुलगा नायक नेमला. लहान तुकडीत लपून राहण्यास जागा नसते. लाजऱ्या मुलासही बोलावे लागते.

दुसरी गोष्ट, पुढारीपण पाळीपाळीने फिरू द्या. नेहमी तोच हुशार, तोच गोड गळ्याचा, तोच सुखवस्तू घरातला मुलगा पुढे करू नका. आणि मुलींना केवळ सजावट व फराळ ह्यांवर ठेवू नका. कार्डाईन ह्यांच्या कामाचा आरंभ शिवणाऱ्या मुलींपासून झाला, हे ध्यानी असू द्या.

तिसरी गोष्ट, पैसा हाती द्या आणि हिशेब मागा. रक्कम थोडी असो, परंतु ती कशी खर्चावी हे त्यांनी ठरवावे, जमाखर्च त्यांनी लिहावा आणि धर्मग्रामाच्या सभेत त्यांनीच उभे राहून तो वाचावा. सार्वजनिक पैशास हात लावताना जो तरुण एकदा थरथरला, तो पुढे कोणत्याही संस्थेत बसला तरी विश्वासास पात्र ठरेल.

चौथी गोष्ट, चुकू द्या. कार्यक्रम उशिरा सुरू होईल, पत्रिकेत नाव राहून जाईल, दोन गटांत रुसवे होतील. तेवढ्याने मंदिराची भिंत पडत नाही. काम बिघडते आहे असे दिसताच ते हिसकावून घेऊन स्वतः करणारा वडील मनुष्य काम वाचवितो आणि माणूस गमावतो.

पाचवी गोष्ट, मोकळीक म्हणजे वाऱ्यावर सोडणे नव्हे. प्रत्येक मंडळाजवळ समंजस वडीलधारी माणसे असलीच पाहिजेत, आणि ती एकेकटी नव्हे तर दोघे असावीत. बैठका उघड्या जागी व आईबापांच्या माहितीने व्हाव्यात. 2012 साली झालेला बालकांच्या संरक्षणाचा कायदा काय सांगतो, हे मंडळाजवळ असणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असावे. मुलांचा विश्वास ही पवित्र ठेव आहे. तिच्याशी हयगय करणाऱ्यास ह्या कामात जागा नाही.

ह्यावर आईबाप म्हणतील, फादर, दहावी-बारावीच्या परीक्षा आहेत, मुलांस वेळ कोठे? ह्या चिंतेची आम्ही थट्टा करणार नाही. शेतीवाडी कमी होत गेली, जमिनीचे तुकडे पडले. शिक्षण हाच आता आपल्या मुलांचा मळा आहे. परीक्षेच्या महिन्यांत मंडळांनी विसावा घ्यावा; प्रभूनेही शिष्यांना विसावा दिला होता. परंतु आठवड्यास एक तास मागितला तर तो अभ्यासातून जातो की हातातल्या मोबाइलमधून, हे आपण घरी शांतपणे पाहावे. शिवाय गुणपत्रिकेने नोकरी मिळेल. तिने खचलेल्या सोबत्याचे मन ओळखता येत नाही, की दहा जण वाईट वाटेला निघाले असता अकराव्याला 'नाही' म्हणता येत नाही. मुलगा सकाळी गाडी पकडून मुंबईस जाऊ लागला की, त्याच्यामागे ना आई असते, ना धर्मगुरू. त्या गर्दीत त्याच्याजवळ त्याची स्वतःची विवेकबुद्धी तेवढी असते. ती जर आपण कधी वापरू दिलेलीच नसेल, तर त्या दिवशी ती कशी चालेल?

हे बोलणे अतिशयोक्तीचे वाटल्यास तोने व गार्से ह्यांच्याकडे पाहा. दुसऱ्या महायुद्धात त्यांचा देश नाझींच्या ताब्यात गेला. त्या दोघांनाही पकडून नेण्यात आले, आणि 1945 च्या आरंभी दाखाऊच्या छळछावणीत, मुक्ततेस काही आठवडेच उरले असता, दोघांनाही मरण आले. लाकेनच्या लहानशा मंडळात ज्यांनी वस्तुस्थिती पाहून, पारखून, कृती करण्याचा सराव केला होता, त्यांस कसोटीच्या दिवशी काय करावे हे विचारावयास कोणाकडे जावे लागले नाही. आपल्या मुलांवर तसा प्रसंग न येवो. परंतु लाच घ्यावी की नाही, व्यसनी मित्रास सोडावे की सावरावे, दुबळ्याची थट्टा चालली असता हसावे की उठावे, हे प्रसंग त्यांच्यावर येणारच आहेत, आणि लवकरच येणार आहेत.

आता तरुण मित्रहो, तुमच्यासाठी दोन शब्द. आम्ही आतापर्यंत वडीलधाऱ्यांचे कान धरले, तेव्हा तुमच्यातील काहींना हसू येत होते, ते आम्ही पाहिले. परंतु जबाबदारी मागणे सोपे, ती उचलणे अवघड. मंडळाचे काम म्हणजे पावसात जाणे, आभार न मानणाऱ्याची सेवा करणे, आपल्याला न आवडणाऱ्या सोबत्याबरोबर एका बाकावर बसणे. पाच हजार लोकांच्या त्या भुकेल्या जमावात एका मुलाजवळ जवाच्या पाच भाकरी व दोन मासे होते. इतक्यांना हे कसे पुरणार, असे वडील शिष्यांना वाटले, आणि त्यांचे गणित बरोबर होते. मुलाजवळचे ते थोडके प्रभूच्या हाती गेले आणि सर्व जमाव तृप्त झाला. तुमच्याजवळ जे थोडे आहे ते तुम्ही आणा. पुरविणारा निराळा आहे.

शेवटी धर्मग्रामास एक विनंती. महोत्सवाची आठवण म्हणून कोणी कमान सुचविली आहे, कोणी घंटा. ती व्हावीत, आमची हरकत नाही. परंतु त्यांबरोबर प्रत्येक आळीत आठ-दहा कुमारांचे एक मंडळ, त्यांच्याजवळ दोन वडीलधारे, त्यांच्या हाती थोडी रक्कम आणि धर्मग्रामाच्या सभेत त्यांना बोलण्याचा हक्क, एवढे ह्या वर्षी सुरू करावे. पूर्वजांनी बांधलेले मंदिर आपण जतन केले. त्यात प्रार्थनेस येणारी, ते झाडणारी, त्यासाठी भांडणारी व परत समेट करणारी माणसे घडविली, तरच ते जतन करणे सार्थकी लागेल.

दया-माया करणारा परमेश्वर आपल्या मुलामुलींना सुबुद्धी व धैर्य देवो, आपणां वडीलधाऱ्यांना हात आखडून उभे राहण्याचा धीर देवो, आणि पवित्र मरिया माता ह्या धर्मग्रामावर आपली छाया ठेवो, एवढी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.